वाटसरूंचं तेल

तिघंही तिसऱ्याच फेरीत मेले. आधी दाताच्या डॉक्टरचा दिवा विझला, आणि एकाचा विझला की सगळेच गेले असा नियम असल्यामुळं उरलेल्या दोघांनीही आपापल्या सोंगट्या आडव्या केल्या. खेळांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत हसावं की सांत्वन करावं हे कुणालाच कळेना. खेळ रचणारी ती भिंतीला खुर्ची टेकवून बसली होती, तोंडाला कुलूप लावून. या धंद्याची रीतच तशी आहे. खेळ छापायला द्यायच्या आधी तो अनोळखी माणसांपुढं मांडायचा, नियमांचं पत्रक त्यांच्या हातात द्यायचं, आणि ज्यानं खेळ रचला त्यानं कोपऱ्यात बसून गप्प बघायचं. समजावून सांगायचं नाही, चूक दाखवायची नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही, कारण विकत घेतलेल्या डब्यातून काही लेखिका बाहेर येऊन समजावत नाही. पाच वर्षं तिनं हा खेळ घरात घोटला होता. इतक्या वेळा की सोंगट्यांचा रंग बोटांनी उडाला होता. फासे वाईट पडले, असं तिनं मनाशी म्हटलं आणि खुणेनंच पुन्हा मांडायला सांगितलं. दुसऱ्या डावात हिशेब शिकवणाऱ्या बाईंचा दिवा विझला, तोही तिसऱ्या फेरीत. तिसऱ्या डावात कॉलेजातली मुलगी जरा जपून खेळली म्हणून सगळे चौथ्या फेरीपर्यंत जगले, एवढंच.

खेळ तसा साधा होता. तीन वाटसरू, एक अंधारा घाट आणि घाटापलीकडं एक शहर. प्रत्येकाकडं एक दिवा आणि वाटीत थोडं तेल. तेल म्हणजे लाकडी मणी. दर फेरीला दिवा तेल खातो, कधी एक मणी, कधी तीन, फासे सांगतील तसं. एकाचा जरी दिवा विझला तरी सावल्या तिघांनाही गिळतात. पण सुरुवातीला प्रत्येकानं एक कार्ड उचललेलं असतं आणि त्यावर त्याची इच्छा लिहिलेली असते. ती कुणाला दाखवायची नाही. शहरात पोचताना ज्याच्या वाटीत पुरेसं तेल शिल्लक असेल, त्यालाच ते कार्ड उलटून माझी इच्छा पुरी झाली असं म्हणता येतं. आपलं तेल दुसऱ्याला द्यायची मुभा आहे, सक्ती नाही. सगळं आवरून झाल्यावर दाताच्या डॉक्टरनं कोट चढवला आणि अगदी भाबडेपणानं, एखाद्याची दाढ दुखते का विचारावं तसं विचारलं, "मॅडम, रागावू नका, पण यात कुणीतरी एकानं पहिल्यापासूनच आपली इच्छा सोडून द्यायला पाहिजे. आपला दिवा जेमतेम तेवेल एवढं ठेवून बाकी सगळं तेल दुसऱ्यांना देत सुटायला पाहिजे. तरच तिघं पोचतात. असं कोण खेळतं हो?"

बघते मी, असं काहीतरी ती म्हणाली. दुकानदारानं कॉफी पुढं केली ती तिनं घेतली आणि तशीच ठेवून दिली. डबा काखेला मारून ती रस्त्यावर आली तेव्हा सिग्नलला माणसं थांबलेली होती. हिरवा दिवा लागला, माणसं गेली, ती तिथंच उभी. असं कोण खेळतं? दर रविवारी जेवणाची ताटं उचलली की टेबल पुसून ती खेळ मांडायची. या बाजूला ती, समोर तो, आणि मधल्या स्टुलावर बटण. लहानपणी एकदा सदऱ्याचं बटण गिळून तिनं दोघांची झोप उडवली होती तेव्हापासून मुलीचं नाव बटणच पडलं होतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर उंच इमारतींच्या पोटात, दोरखंडांच्या मध्ये, कपाळाला बॅटरी बांधून उभा असायचा, आणि रविवारी बायकोच्या घाटात पुन्हा अंधारात उतरायचा. दोनतीन फेऱ्या झाल्या की त्याची वाटी रिकामी व्हायला लागायची. मणी तिच्या नाहीतर बटणच्या वाटीत टाकताना तो म्हणायचा, मला कशाला तेल, मला अंधाराची सवय आहे. आणि ती वहीतून मान वर न करता म्हणायची, तुला ना, खेळताच येत नाही. हे तिनं किती वेळा म्हटलं असेल! हसत म्हटलं होतं, लाडानं म्हटलं होतं, एकदोनदा चिडूनही. कारण तिला आकडे हवे होते आणि हा माणूस आकडे बिघडवत होता. मग खेळ संपला की ती टिपून ठेवायची: तिघं पोचले, दोघांच्या इच्छा पुऱ्या, समतोल उत्तम. पाच वर्षं समतोल उत्तम. स्वतःच्या खेळाबद्दल आपला तो बाब्या असं प्रत्येकालाच वाटतं, पण तिचा बाब्या कुणाच्या खांद्यावर उभा होता ते दाताच्या डॉक्टरला एका दुपारी दिसलं.

तो गेल्याला दीड वर्ष झालं होतं, आणि रविवारचा डाव तेव्हापासून मांडलाच नव्हता. घर त्याच्यावाचून चालायला शिकलं होतं, म्हणजे पाय ओढत चालत होतं. सकाळी चारपाच पानं लिहायची, मग पुस्तकांची पार्सलं बांधायची, मुखपृष्ठाच्या रंगावरून छापखान्याशी हुज्जत घालायची, मेळ्यात टेबल मांडून आपल्याच पुस्तकांमागं सेल्समनसारखं उभं राहायचं. स्वतःच लेखक, स्वतःच प्रकाशक, स्वतःच हमाल. तिनं कल्पलेल्या काजळदेशाच्या कादंबऱ्यांचे तीन भाग झाले होते, चौथा पहिल्या प्रकरणावर अडला होता, आणि तो सुटत नाही म्हणून तिनं सगळा जीव या खेळात ओतला होता. खरं कारण निराळं होतं. चौथ्या भागात तो कुठंच नव्हता. खेळात तो होता. त्याच्या हातानं पुठ्ठा कापलेला, पटावरच्या घाटाच्या वळणावर त्याच्या कॉफीच्या कपाचा गोल डाग. खेळ छापून आला की त्याच्या बोटांनी गुळगुळीत झालेलं काहीतरी हजार घरांत जाईल, हजार टेबलांवर तो बसेल, असं तिला वाटायचं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सोमवारी छापखान्याला शेवटच्या फायली द्यायच्या होत्या. लोकांनी आगाऊ मागण्या नोंदवून ठेवल्या होत्या, आणि एका मुलानं तर पत्रात विचारलं होतं की घाटातल्या सावल्यांना नावं आहेत का.

आठवडाभर ती खेळाशी झगडली. उपाय दोन होते, आणि दोन्ही तिला अर्ध्या तासात सुचले होते, कारण शेवटी ती या कामात तरबेज होती. पहिला म्हणजे अंधार कमी करायचा, दिव्यांची भूक घटवायची. तसं करून तिनं एकटीनंच तिन्ही वाटसरू चालवून बघितले. सगळे आरामात पोचले, कुणी कुणाकडं बघितलंसुद्धा नाही. घाट कसला, दुपारचा फेरफटका झाला. दुसरा उपाय नियम करायचा: दर फेरीला एका वाटसरूनं आपलं तेल दिलंच पाहिजे. हे वाक्य तिनं पत्रकात टाईप केलं आणि स्क्रीनकडं बघत राहिली. दिलंच पाहिजे. त्याला कुणी म्हटलं होतं, दिलंच पाहिजे? तिनं तर म्हटलं नव्हतं. तिनं काहीच म्हटलं नव्हतं, ती लिहीत होती. तिच्या कादंबरीच्या दुसऱ्या भागात एक दीपस्तंभाचा राखणदार आहे. जहाजं वाचावीत म्हणून तो आधी घरातलं लाकूड जाळतो, मग बिछाना, मग स्वतःची काठी. ते प्रकरण वाचून रडलो असं लोकांनी तिला लिहून कळवलं होतं. लिहिताना तीही रडली होती, या इथंच, आणि तिला रडताना बघून तो पाण्याचा पेला ठेवून दार हळूच ओढून गेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आणखी एक होती, काजळदेशाची राणी. समोरचा खोटं बोलला की तिला जळक्या साखरेचा वास यायचा. लेखिकेचं स्वतःचं नाक मात्र नवऱ्याच्या शेवटच्या वर्षी बंदच होतं. तो ताटात अर्धं टाकून उठायचा, ऍसिडिटी आहे म्हणायचा. सोफ्यावर पोटाशी उशी धरून बसायचा, थंडी वाजतेय म्हणायचा. तिसऱ्या भागाचा शेवट जमत नव्हता तेव्हा. एका राज्याचं काय होणार हे ठरत नव्हतं. ती विचारायची, बरा आहेस ना, आणि त्यानं उत्तर द्यायच्या आत तिचे डोळे पुन्हा कागदावर गेलेले असायचे. पुस्तक छापून आलं, त्यानं पहिली प्रत हातात घेतली, उलटून पाहिली, छान झालंय म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं गेला. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात.

आणि एक गोष्ट शनिवारी, भाजी चिरताना तिच्या लक्षात आली आणि सुरी तिनं खाली ठेवली. इतक्या डावांत शहरात पोचताना त्याची वाटी एकदाही भरलेली नव्हती. म्हणजे इतक्या डावांत त्यानं एकदाही कार्ड उलटलं नव्हतं. खेळ संपला की तो आपलं कार्ड तसंच पालथं गड्डीत सरकवून द्यायचा. चाळीस इच्छा तिनंच लिहिल्या होत्या. हरवलेल्या भावाची भेट, समुद्राकाठची खोली, एक अख्खा दिवस काहीच न करणं. दर रविवारी त्यातली एक कुठली तरी इच्छा त्याच्या हातात असायची. तो ती वाचायचा, कधी हसायचा, कधी नुसताच बघत राहायचा, आणि ती कुठली हे तिला कधीच कळलं नाही. तिनं गड्डी पसरली आणि सगळी कार्डं वाचून काढली, जणू कुठल्या तरी एकावर त्याचा चेहरा उमटलेला असेल. मग ओट्याला टेकून ती रडली. नुकत्याच गेलेल्या माणसासाठी रडावं तशी रडली. दीड वर्षांपूर्वी ती इतकी रडली नव्हती. तेव्हा माणसं होती, कागदपत्रं होती, बटण होती.

रविवारी दुपारी ती बटणला म्हणाली की एकदा मांडून बघू या, उद्या फायली द्यायच्यात. बटण सतरा वर्षांची झाली होती, लांब हातापायांची, घरात आवाज न करता वावरणारी. कुणाच्या तरी झोपेची काळजी घेतल्यासारखी दारं लावायची. तिनं पुस्तक बंद केलं, हो म्हणाली आणि मांडायलाही लागली. तिसऱ्या सोंगटीचं काय, असं आईनं विचारायच्या आतच तिनं ती आपल्याकडं ओढली. "बाबाचं मी खेळते," ती म्हणाली. पहिल्या फेरीला फासे बरे पडले. दुसऱ्या फेरीला आईच्या दिव्यानं तीन मणी खाल्ले, आणि बटणनं बाबाच्या वाटीतले दोन उचलून आईच्या वाटीत टाकले. तिसऱ्या फेरीला आणखी दोन. बाबाची वाटी जेमतेम शेवटाला पुरेल इतकी उरली तेव्हा, काही विशेष घडत नसल्यासारखं, खिडकीकडं बघत, तिनं स्वतःच्या वाटीत हात घातला. आई वहीत टिपत होती. दोन, दोन, आता तीन. मग पेन थांबलं. तिनं मान वर केली आणि टेबलापलीकडं बसलेल्या पोरीकडं, बहुधा कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, खेळ चालू असताना बघितलं. पोरीचे खांदे पुढं वाकलेले होते. ओठ मिटलेले. मणी टाकणारा हात अगदी सराईत होता.

"नको मला," आई म्हणाली. बटण म्हणाली, अगं तुझा विझेल. विझू दे, ती म्हणाली. बटणनं तरी मणी पुढं केले, तेव्हा आईनं वाटीवर तळहात पालथा ठेवला. त्या पालथ्या हातावर मणी टेकवून बटण तशीच बसून राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. लहान मूल पडल्यावर आधी इकडंतिकडं बघतं, कुणी बघतंय का, आणि मगच रडतं, तसा.

"बाबाचं दुखत होतं, मला माहीत होतं," बटण म्हणाली. "तू लिहीत होतीस तेव्हा. तो बाथरूममध्ये नळ सोडून बसायचा. मी विचारलं तर म्हणाला, आईचं पुस्तक होऊ दे, मग जातो डॉक्टरकडं, तू बोलू नकोस. मी नाही बोलले." मग मण्यांकडं बघत, "आई, मी तेव्हा सांगितलं असतं तर?"

दहा मिनिटांत सात पिढ्यांची वंशावळ रचणारी बाई ती. शाप, उःशाप, भविष्यवाण्या, सगळं तिच्या बोटांच्या टोकावर. काही फरक पडला नसता, हे वाक्य समोर तयार उभं होतं, सोयीचं, मऊ, आणि खोटं. डॉक्टर काय म्हणाले ते बटणनंही तिच्या शेजारी उभं राहून ऐकलं होतं. पंधरा वर्षांच्या पोरीनं ते ऐकलं आणि घरी येऊन आईसाठी चहा टाकला. दीड वर्ष हे पोर एकाच घरात, एका भिंतीपलीकडं हे घेऊन झोपत होतं, आणि आई घाटातल्या सावल्यांना नावं देत होती. तिला वाटलं आपण ओरडावं, त्याच्यावर ओरडावं, की अरे, पोरीच्या वाटीत हे कशाला टाकलंस, हे तरी माझ्या वाटीत टाकायचं होतंस. पहिल्यांदाच तिला त्याचा राग आला, आणि त्या रागात तो एकदम जवळ आला. मग ती म्हणाली, "तू सांगायचं नव्हतंसच. मी विचारायचं होतं. त्यालाही आणि तुलाही. विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. ते माझं काम होतं, बटण, तुझं नव्हतं."

बटणनं नाकानं एकदा जोरात श्वास ओढला, बाहीनं डोळे पुसले. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती. आईनं वाट पाहिली. वाट पाहण्याची तिला सवय नव्हती, हात आपोआप पेनाकडं गेला, तो तिनं मांडीखाली दाबून धरला. मग तिनं विचारलं, "तुला काय हवंय? कार्डावरचं नको. तुझं तुला." बटण म्हणाली, काही नाही. आई थांबली. बटण म्हणाली, खरंच काही नाही गं. आई तरीही थांबली, गाडी सुरू होऊन निघून गेली तरी थांबली. तेव्हा कुठं मान खाली घालून, पटाच्या कडेचा पुठ्ठा नखानं सोलत बटण बोलली.

"हा खेळ नको काढूस. मला नाही आवडत तो. कुठल्या तरी अनोळखी माणसांनी घरोघरी बसून बाबा खेळायचा, मला नको वाटतं."

तिच्या मनात एकदम शंभर उत्तरं उठली. लोकांनी मागण्या नोंदवल्यात. पाच वर्षं. छापखाना. नियम बदलते की, अंधार कमी करते, मग कुणाला काही सोडावं लागणार नाही. आणि सगळ्यांच्या खाली ते एक, जे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं: यातूनही तो गेला तर मला तो उरणार कुठं? पोरीचे डोळे तिच्या चेहऱ्यावर खिळले होते, घाबरलेले, आणि शब्द परत घ्यायच्या तयारीत. बटण म्हणालीच, जाऊ दे, मी आपलं उगीच म्हटलं. तू काढ.

"नाही काढत," ती म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला समजलं की चेहरा आपोआप नीट होऊ लागला आहे. ओठांचे कोपरे वर जात होते, काही विशेष नाही अशी एक हसरी सुरकुती डोळ्यांशी जमत होती. किती सोपं होतं ते. पोरीला कळलंसुद्धा नसतं. किंवा कळलं असतं आणि तिनं ते गिळलं असतं, आणि पुन्हा कुठल्या तरी रविवारी, कुठल्या तरी दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्या कुणासमोर तिनं आपली वाटी अशीच रिकामी केली असती. तिनं तो चेहरा तिथंच सोडून दिला.

"पण मला फार वाईट वाटतंय," ती म्हणाली. आवाज फुटला, तो तिनं फुटू दिला. "सांगून ठेवते. खूप वाईट वाटतंय मला. उद्याही वाटेल, आणि मी तुझ्यावर चिडेनसुद्धा कदाचित. तरी नाही काढत."

आईला रडताना बटणनं पूर्वीही पाहिलं होतं, पण ती राजे मेले, जहाजं बुडाली म्हणून. मग ती म्हणाली, "चीड. चालेल मला." आणि स्टूल ओढत टेबलाला वळसा घालून ती आईच्या बाजूला येऊन बसली.